पासबुकातला नंबर बरोबरच होता

२०२१ ची दिवाळी. दुधाच्या धंद्यातल्या घरात दिवाळी म्हणजे फरक-बिल. वर्षभर दर दहा दिवसांनी फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) बघून बिल मिळतच असतं, पण हिशेब पुरा झाल्यावर लिटरमागे जी वाढीव रक्कम निघते ती दिवाळीच्या तोंडावर एकगठ्ठा खात्यावर पडते. पोरांचे कपडे, फराळाचं सामान, कुणाचा म्हशीचा हप्ता, सगळं त्या एका जमेवर ठरलेलं असतं.

पश्चिम महाराष्ट्रातल्या काही गावच्या दूध संस्थांसाठी आम्ही दोघी-तिघींनी मिळून हिशेबाचं सॉफ्टवेअर लिहिलं होतं. सभासदाचा खाते क्रमांक आणि बँकेची शाखा सांगणारा आयएफएससी कोड घ्यायचा, तपासायचा आणि बिलाच्या दिवशी बँकेला एनईएफटीची, म्हणजे खात्यातून खात्यात पैसे पाठवण्याची, एकत्र फाईल बनवून द्यायची, हा भाग माझ्याकडे होता. तपासणी रेजेक्सने केली होती. रेजेक्स म्हणजे अक्षरांच्या मांडणीचा साचा. दिलेला मजकूर त्या साच्यात बसतो की नाही, एवढंच तो सांगतो. त्या दिवाळीपर्यंत मी तो विषय संपलेला समजत होते.

फाईल बँकेत गेली त्या दिवशी तीन गोष्टी घडल्या. बँकेच्या पोर्टलने सबंध फाईल परत फेकली, कारण म्हणून काही ओळींचे क्रमांक आणि 'अवैध अक्षर' एवढंच. त्या ओळी वगळून बाकीची फाईल पाठवली, तर संध्याकाळपर्यंत त्यातल्या काही रकमा 'असं खातं नाही' म्हणून परत आल्या. आणि या सगळ्या धावपळीत एका संस्थेच्या सचिवांचा फोन आला. गावात त्यांना सगळे आबा म्हणतात, मीही म्हणते.

"ताई, नंबर चुकीचा म्हणतंय तुमचं मशीन. पासबुक हातात धरून टाकलाय. तीनदा टाकला."

मी म्हटलं, "आबा, एखादा आकडा राहिला असेल, परत एकदा बघा."

"तुम्हीच बघा की. फोटो पाठवलाय."

फोटो आला. एका बाजूला पासबुकाचं पहिलं पान, दुसऱ्या बाजूला आमच्या फॉर्मचा स्क्रीन. मी आकडा आकड्याला लावून पाहिला. नंबर बरोबर होता. खाली लाल अक्षरांत आमचाच संदेश होता: 'अवैध खाते क्रमांक'.

खाते क्रमांकाचा माझा साचा वाचून दाखवायचा तर असा: सुरुवातीची खूण म्हणून कॅरेट, मग बॅकस्लॅश आणि डी, मग महिरपी कंसात ९ ते १८, शेवटी डॉलर. अर्थ, सुरुवातीपासून शेवटपर्यंत फक्त अंक, कमीत कमी नऊ, जास्तीत जास्त अठरा. ९ ते १८ ही मर्यादा भारतात सगळेच वापरतात, कारण आपल्याकडे खाते क्रमांकाला एक लांबी नाही. स्टेट बँकेचा आणि बँक ऑफ महाराष्ट्रचा अकरा अंकी, आयसीआयसीआयचा बारा, एचडीएफसीचा चौदा, अ‍ॅक्सिसचा पंधरा, पंजाब नॅशनलचा सोळा. हा साचा दोन प्रोग्रामिंग भाषांत होता: ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टमध्ये आणि सर्व्हरवरच्या पायथनमध्येही. अक्षरन् अक्षर तोच. मला त्याचा अभिमानच वाटायचा, की नियम दोन्हीकडे एकच ठेवलाय.

आबांच्या स्क्रीनकडे मी पुन्हा पाहिलं तेव्हा कुठे दिसलं. पासबुकावर छापलेले आकडे इंग्रजी होते. फॉर्ममध्ये टाकलेले मराठी होते. माझ्या डोळ्यांना तो फरक जाणवलाच नव्हता, कारण मी दोन्ही लिपींतले आकडे जन्मापासून सारखेच वाचत आले आहे. आबांच्या संगणकावर मराठी कीबोर्ड लावलेला होता आणि त्यातून देवनागरी आकडे येत होते.

बॅकस्लॅश डी म्हणजे 'अंक' असं आपण शिकतो. कुठला अंक, हे शिकवताना सहसा कुणी सांगत नाही. जावास्क्रिप्टमध्ये त्याचा अर्थ इंग्रजी शून्य ते नऊ, एवढाच. जावामध्ये वेगळी खूण लावली नाही तर तसंच. गो भाषेतही तसंच. पण पायथन ३ मध्ये साधा मजकूर तपासताना बॅकस्लॅश डी युनिकोडमधला, म्हणजे सगळ्या लिपींच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या कोष्टकातला, कुठलाही दशमान अंक मान्य करतो: देवनागरी, बंगाली, तमिळ, अरबी, सगळे. डॉट नेटमध्येही मूळ वागणं तेच आहे. युनिकोडमध्ये देवनागरी शून्य ०९६६ या जागी आहे आणि नऊ ०९६एफ या जागी. पायथनच्या लेखी ते दहाही आकडे इंग्रजी आकड्यांइतकेच अस्सल अंक आहेत. आणि तसे ते आहेतच.

माझ्या बाबतीत आणखी एक गोम होती. तो साचा मी एका जुन्या प्रोग्राममधून उचलला होता, पायथन २ मधल्या. तिथे साध्या स्ट्रिंगवर बॅकस्लॅश डी इंग्रजी अंकांपुरताच चालायचा. नव्या आवृत्तीत आणताना एक अक्षरही बदलावं लागलं नाही, आणि अर्थ मात्र बदलला. चाचण्याही जुन्याच होत्या, सगळ्या इंग्रजी अंकांच्या, त्यामुळे सगळ्या हिरव्या, म्हणजे पास.

मग तिन्ही घटना एका धाग्यात आल्या. आमच्या प्रणालीत नंबर शिरायला तीन दारं होती. संस्थेच्या संगणकावरचा वेब फॉर्म, तिथे जावास्क्रिप्ट, म्हणून मराठी आकडे नाकारले जात होते. सचिवांच्या फोनवरचं छोटं अ‍ॅप, जे स्वतः काही न तपासता थेट सर्व्हरकडे पाठवायचं; तिथे पायथन, म्हणून मराठी आकडे मान्य होऊन जसेच्या तसे साठवले जात होते, आणि बँकेच्या फाईलीतही तसेच उतरत होते. फाईल परत आली ती यामुळे. तिसरं दार एक्सेलचं. जुन्या सभासदांची यादी एकदम चढवायची सोय. तिथे जे घडत होतं ते सगळ्यांत वाईट होतं, कारण ते कुणालाच दिसत नव्हतं.

एक्सेलमधून वाचलेला आकडा कधी कधी शेवटी 'पॉइंट शून्य' लागून येतो. तो काढायला मी प्रत्येक नंबर आधी पूर्णांकात बदलून पुन्हा मजकूर करत होते. एका ओळीचं काम. पायथनचं पूर्णांकात बदलण्याचं फंक्शनही देवनागरी अंक बिनतक्रार घेतं. त्यामुळे एक्सेलमध्ये मराठीत लिहिलेले नंबर तिथे इंग्रजी होऊन बाहेर पडत होते, म्हणजे वरवर पाहता काम सोपंच झालं. पण पूर्णांकाला पुढचं शून्य ठाऊक नसतं. शून्याने सुरू होणारा बारा अंकी खाते क्रमांक अकरा अंकी होऊन बाहेर येत होता, दोन शून्यं असली तर दहा अंकी. आणि दहा काय, अकरा काय, ९ ते १८ च्या साच्यात बसतंच. तपासणी बदलानंतर होती, म्हणून तिने मान डोलावली. 'असं खातं नाही' म्हणून ज्या रकमा परत आल्या त्यांतल्या बहुतेक या.

खाते क्रमांक ही संख्या नाही. त्याची कुणी बेरीज करत नाही, सरासरी काढत नाही. तो अंकांत लिहिलेलं नाव आहे. हे मी दुसऱ्यांना शिकवलेलं होतं आणि स्वतः एका ओळीत विसरले होते.

परत आलेल्या रकमांचं मला वाईट वाटलं, पण भीती वेगळीच होती. परत न आलेल्यांचं काय? रिझर्व्ह बँकेने १४ ऑक्टोबर २०१० च्या परिपत्रकात स्पष्ट केलेलं आहे की इलेक्ट्रॉनिक पेमेंटमध्ये रक्कम जमा करताना फक्त खाते क्रमांक पाहिला जाईल, नाव त्यासाठी वापरलं जाणार नाही, आणि बरोबर क्रमांक देण्याची जबाबदारी पैसे पाठवणाऱ्याची. म्हणजे फाईलीत सभासदाचं नाव कितीही शुद्ध लिहिलेलं असो, क्रमांक दुसऱ्या कुणाच्या जिवंत खात्याला लागला तर पैसे तिकडे गेले. तुटक्या नंबराचं खातं नसेल तर रक्कम परत येते, एनईएफटीत बॅच, म्हणजे व्यवहारांचा एक गठ्ठा, पूर्ण झाल्यापासून दोन तासांच्या आत ती परत पाठवायची असते. खातं असेल तर काहीच परत येत नाही, आणि आपल्याला वाटतं सगळं ठीक झालं.

त्या रात्री आम्ही एक्सेलच्या दारातून आलेला प्रत्येक नंबर मूळ फाईलीशी लावून पाहिला. पुढचं शून्य गमावलेला जो जो नंबर सापडला, त्याची रक्कम परतीच्या यादीत आहे ना, हे प्रत्येक व्यवहाराची ओळख असलेल्या सोळा अक्षरी यूटीआर क्रमांकावरून ताडलं. सगळ्या परत आलेल्या होत्या. पण त्याचं श्रेय आमच्या तपासणीला नव्हतं.

आपल्या खाते क्रमांकाची मोठी उणीव ही की त्यात सगळ्या बँकांना समान असा तपास-अंक नाही. आधारच्या बारा अंकांतला शेवटचा अंक वेर्होफ पद्धतीने आधीच्या अकरांवरून निघतो. एक आकडा चुकला किंवा शेजारचे दोन उलटसुलट झाले की गणित जुळत नाही. डेबिट-क्रेडिट कार्डाला लूनची पद्धत आहे. दुबईत नोकरी करणाऱ्या मराठी माणसाला तिथला तेवीस अक्षरी आयबॅन, म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक, ठाऊक असतो. त्यात देशाच्या दोन अक्षरांनंतर दोन तपास-अंक असतात: पहिली चार अक्षरं उचलून शेवटी न्यायची, ए म्हणजे १०, बी म्हणजे ११, असं झेड म्हणजे ३५ पर्यंत धरून अक्षरांचे आकडे करायचे, आणि त्या लांबलचक संख्येला ९७ ने भागल्यावर बाकी १ उरली पाहिजे. तिथेही साचा फक्त आकार बघतो, पण गणित पुढची राखण करतं. भारताने आयबॅन घेतलेला नाही. आपल्याकडे आकार बघून झाला की पुढे थेट माणसाचे पैसे आहेत. म्हणून आपल्या साच्यात ढिलाई परवडत नाही, आणि साच्यावर सगळा भार टाकणं तर मुळीच परवडत नाही.

खातं शोधता शोधता आयएफएससीचाही गुंता सुटला, आणि त्याने मला जास्त खजील केलं.

आयएफएससी अकरा अक्षरांचा. पहिली चार इंग्रजी अक्षरं बँकेची, जसं स्टेट बँकेला एसबीआयएन, बँक ऑफ महाराष्ट्रला एमएएचबी. पाचवं स्थान पुढच्या वापरासाठी राखून ठेवलेलं, तिथे कायम शून्य. शेवटची सहा शाखेची. स्टेट बँकेच्या मुंबई मुख्य शाखेचा कोड एसबीआयएन, मग राखीव शून्य, मग ०००३००. असे पाच-पंचवीस कोड बघितले की वाटतं शेवटची सहा म्हणजे अंकच. मीही तसाच साचा लिहिला: चार अक्षरं, शून्य, सहा अंक.

नियम मात्र सांगतो, शेवटची सहा बहुधा अंक असतात, अक्षरंही असू शकतात. आणि अक्षरं कुठे असतात? सहकारी बँकांकडे. ज्या छोट्या बँका मध्यवर्ती पेमेंट प्रणालीच्या थेट सभासद नाहीत त्या एखाद्या मोठ्या बँकेच्या उपसभासद म्हणून चालतात. त्यांच्या आयएफएससीची पहिली चार अक्षरं त्या प्रायोजक बँकेची आणि शेवटच्या सहांत छोट्या बँकेची ओळख सांगणारी अक्षरं. म्हणजे ज्या भागात सहकार घराघरांत आहे, साखर कारखाना, सूतगिरणी, दूध संघ, पतसंस्था, नागरी बँक सगळं एका तालुक्यात आहे, त्याच भागासाठी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमध्ये मी सहकारी बँकेच्या खातेदाराला दारातच थांबवत होते.

आणि लोकांनी काय केलं? तक्रार केली नाही. फॉर्म नाही म्हणतोय म्हटल्यावर काहींनी मुलाचं किंवा पुतण्याचं दुसऱ्या बँकेतलं खातं दिलं. सभासद एक, खातं दुसऱ्याचं. एका म्हाताऱ्या सभासद बाईंचं फरक-बिल त्यांच्या हातात येण्याआधी पुतण्याच्या खात्यात जाणार होतं, निव्वळ माझ्या साच्यात सहा ठिकाणी 'अक्षर किंवा अंक' लिहायचं राहिलं म्हणून. चुकीचं आत घेणारा साचा निदान बँकेत आपटून परत येतो. बरोबर असलेलं नाकारणाऱ्या साच्याचा आवाज येत नाही. माणूस वाट काढतो, आणि ती वाट कधी कधी त्याच्या तोट्याची असते. या प्रकरणातली मला सर्वांत लागलेली गोष्ट ही आहे.

आयएफएससीच्या पाचव्या जागी शून्याऐवजी इंग्रजी ओ टाकणं ही दुसरी नेहमीची चूक. पासबुकावरच्या छपाईत दोन्ही सारखे दिसतात. इथे आम्ही ठरवलं की पाचव्या जागी ओ आला तर यंत्रानेच शून्य करावं, कारण तिथे दुसरं काही असूच शकत नाही. शेवटच्या सहांत मात्र तसं करायचं नाही. तिथे ओ खरोखरच ओ असू शकतो. लहान लिपीतली अक्षरं मोठी करून घ्यायची, मधल्या रिकाम्या जागा काढायच्या, मग साच्याला विचारायचं.

साच्यात अगदी नेमका बसणारा, तरीही निर्जीव असा कोडही असतो. १ एप्रिल २०१९ ला देना आणि विजया बँका बँक ऑफ बडोदात मिसळल्या. १ एप्रिल २०२० ला सिंडिकेट कॅनरात, आंध्रा आणि कॉर्पोरेशन युनियनमध्ये, ओरिएंटल आणि युनायटेड पंजाब नॅशनलमध्ये, अलाहाबाद इंडियन बँकेत. जुने कोड काही काळ चालू राहिले आणि २०२१ मध्ये एकामागून एक बंद झाले. सिंडिकेटचे १ जुलै २०२१ पासून. आमच्या यादीत त्या दिवाळीला देना बँकेची जुनी पासबुकं होती. आकार निर्दोष, शाखा तीच, खातंही चालू, फक्त कोडचा पत्ता उरलेला नाही. कुठल्याही रेजेक्सला हे कळणार नाही. त्यासाठी चालू कोडांची यादीच लागते. रिझर्व्ह बँक ती प्रसिद्ध करते, आणि तिच्या आधारे रेझरपे या पेमेंट कंपनीने सर्वांसाठी खुला संच ठेवला आहे. आम्ही यादी आणून बसवली. कोड टाकला की बँकेचं आणि शाखेचं नाव समोर येतं, आणि सचिव ते वाचून हो म्हणतात. गावातला माणूस अकरा अक्षरं ताडू शकत नाही, पण 'शाखा इस्लामपूर' हे चूक की बरोबर हे क्षणात सांगतो.

यूपीआयचं थोडक्यात सांगते, कारण पशुखाद्याची उधारी वसूल करायला संस्था तो वापरतात. यूपीआय आयडीत मधे 'अ‍ॅट' असतो म्हणून पुष्कळ जण ईमेलचा साचाच तिथे लावतात. ईमेलचा साचा 'अ‍ॅट'नंतर एक टिंब मागतो, यूपीआयच्या हँडलमध्ये, म्हणजे त्या शेवटच्या भागात, ते सहसा नसतं, आणि चांगला आयडी नाकारला जातो. उलट बाजूही आहे: १ फेब्रुवारी २०२५ पासून यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयची मध्यवर्ती प्रणाली व्यवहार क्रमांकात अक्षर आणि अंकांखेरीज काही आलं तर व्यवहारच नाकारते. आपल्या साच्याने आडवी रेघ चालवून घेतली तरी समोरचा घेत नाही.

आता दुरुस्ती. खाते क्रमांकाच्या साच्यातून बॅकस्लॅश डी काढला आणि चौकोनी कंसात इंग्रजी शून्य ते नऊ असं स्पष्ट लिहिलं. पायथनमध्ये 'अ‍ॅस्की' अशी, फक्त इंग्रजी अंकच धरायची, खूणही लावता येते, पण साचा दोन भाषांत वाचला जाणार असेल तर अर्थ साच्यातच दिसावा, असं माझं मत आहे. दुसरं, पायथनमधलं डॉलरचं चिन्ह शेवटच्या ओळबदलाआधीही जुळतं, म्हणजे नंबराच्या मागे चिकटून आलेली नवी ओळ त्याच्या नजरेतून सुटते. बँकेच्या फाईलीत तीच नवी ओळ एका रकान्याचे दोन करते. म्हणून 'मॅच'च्या जागी, सबंध मजकूर जुळायलाच हवा असं म्हणणारं 'फुलमॅच' घेतलं.

पण एवढंच करून थांबले असते तर तीनही दारांनी एकसारखं 'अवैध' म्हटलं असतं, आणि आबा पासबुक धरून तिथेच बसले असते. देवनागरीत लिहिलेला आकडा ही चूक नाही. आबांनी नंबर बरोबर टाकला होता. बँकेच्या फाईलीला इंग्रजी अंक लागतात ही फाईलीची गरज आहे, आणि ती भागवणं हे माझं काम आहे, त्यांचं नाही. म्हणून साच्याच्या आधी एक पायरी घातली: कुठल्याही लिपीतला दशमान अंक आला तर त्याच किमतीचा इंग्रजी अंक करायचा, अंक अंक सुटा घेऊन, संख्येत न बदलता, म्हणजे पुढचं शून्य शाबूत राहतं. आधी मला वाटलं होतं की युनिकोडचं प्रमाणीकरण, एनएफकेसी नावाचं, हे आपोआप करेल. ते रुंद छापाचे जपानी-चिनी अंक बदलतं, देवनागरीला हात लावत नाही. प्रत्येक अंकाची किंमत युनिकोडच्या कोष्टकातून काढूनच घ्यावी लागली.

या पायरीत न दिसणारी अक्षरंही काढली. व्हॉट्सअ‍ॅपवरून किंवा पीडीएफमधून उचललेल्या नंबरात न तुटणारी जागा, शून्य रुंदीची जागा, असलं काहीबाही येतं. इथे मी एक चूक करता करता वाचले. ही सफाई सगळ्याच रकान्यांना लावायची म्हणून फंक्शन लिहिलं, आणि सभासदांच्या नावांची यादी बघितली तर काही आडनावं मोडलेली. शून्य रुंदीचं जोडचिन्ह हे खाते क्रमांकात कचरा आहे, पण मराठीत पुष्कळ कीबोर्ड अर्धा र लिहायला तेच वापरतात. ते काढलं की कऱ्हाडे, वऱ्हाडे यांच्यातला तो आडवा र उडून पुढच्या अक्षरावर रफार चढतो. कऱ्हाडच्या माणसाला ते छापून दाखवायची माझी छाती झाली नसती. सफाई नंबरापुरतीच ठेवली.

एक्सेलचं दार सर्वांत शेवटी दुरुस्त झालं, आणि पुरतं झालंच नाही. एक्सेल पंधरा अंकांपर्यंतच संख्या नेमकी धरतो. सोळा अंकी खाते क्रमांक साध्या रकान्यात टाकला की सोळावा अंक शून्य होतो, कायमचा. बारा किंवा जास्त अंक असले की तो दशांश चिन्ह आणि ई लावून दाखवतो, ते निदान डोळ्याला खटकतं. हे खटकत नाही. आकार बरोबर, लांबी बरोबर, शेवटी शून्य असणारी खरी खातीही असतातच. साचा काय सांगणार? आम्ही रकाना आधीच मजकूर म्हणून आखलेली कोरी फाईल द्यायला लागलो, आणि नंबर संख्या म्हणून आलेला असेल तर ती ओळ घ्यायचीच नाही असं ठरवलं. त्यावरून सचिवांशी वादही झाले. ज्याचा शेवटचा अंक गेला त्याला तो परत मिळवायला पासबुकाशिवाय उपाय नाही.

नवा नंबर आता दोनदा टाकावा लागतो, दुसऱ्यांदा टाकताना पहिला झाकलेला असतो. मग तो चार-चारच्या गटांत, मोठ्या अक्षरांत, मराठी आणि इंग्रजी दोन्ही अंकांत समोर येतो, म्हणजे सचिव वाचणार आणि सभासद पासबुकात बोट ठेवणार. 'अवैध' हा शब्द पूर्ण काढला. त्याऐवजी काय झालं ते लिहिलं: 'नंबर आठच आकडी आहे, एखादा आकडा राहिला का?' किंवा 'पाचव्या जागी ओ होता, तो शून्य केला आहे, पासबुक पाहा.' पहिल्यांदा पैसे पाठवण्याआधी एक रुपया आयएमपीएसने, म्हणजे लगेच पैसे पोचवणाऱ्या सेवेने, पाठवून खातेदाराचं नाव परत मिळवायची सोयही जोडली. पुढे ३० डिसेंबर २०२४ च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने एनईएफटी आणि (मोठ्या रकमांच्या) आरटीजीएससाठी लाभार्थ्याचं नाव आधी दाखवण्याची सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत द्यायला बँकांना सांगितलं. २०१० च्या परिपत्रकाने उघडी राहिलेली फट त्याने बरीचशी बुजली. आमच्या दूधवाल्यांना ती चार वर्षं आधी हवी होती.

त्या दिवाळीला दुरुस्त फाईल गेली ती वसुबारसेच्या सकाळी. एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास चालतं, दर अर्ध्या तासाला बॅच, त्यामुळे दुपारपर्यंत बहुतेकांच्या फोनवर जमेचे संदेश आले. राहिला एक सभासद, सोळा अंकी खात्याचा. त्याचं पासबुक घरी नव्हतं, शेतातल्या वस्तीवर होतं. आबा मोटारसायकलवर तिकडे गेले, पहिल्या पानाचा फोटो काढला, आणि मग तिथूनच फोन करून सोळा आकडे एक एक करून मला सांगितले. मी लिहिले, परत वाचून दाखवले. शेवटचा आकडा सात होता.

आमच्या चाचण्यांच्या यादीत आता पहिली ओळ आबांच्या नंबराची आहे. आकडे बदललेले आहेत, लिपी देवनागरीच ठेवली आहे. त्याखाली पुढे दोन शून्यं असलेला एक, शेवटच्या सहांत अक्षरं असलेला एक आयएफएससी, मागे नवी ओळ चिकटलेला एक, आणि एक कऱ्हाडे.